थांब म्हटलं की थांबायचं

शनिवार, रात्री

चंद्रपूरहून परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात काऊन जाता?" बीपी आहे म्हटलं. बीपी म्हटलं की लोक मान हलवतात आणि आपल्या बीपीचं सांगत बसतात. खरं सांगितलं असतं तर गाव येईपर्यंत प्रश्न संपले नसते.

दिवसभर झड होती. रोवणी चालू आहे, त्यामुळे अंगणवाडीत सध्या अर्धीच पोरं येतात, बाकीची आयांबरोबर बांधीवर. आता लाइट गेली आहे, मोबाइलच्या उजेडात लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मोहफुलाच्या दिवसांत आमच्या घरावर काय कोसळलं ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. जाऊबाई वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मी त्यांच्यासोबत होते. त्या सकाळचं यापुढचं मी इथं लिहिणार नाही. आधी लिहू शकत नव्हते, आता वाटलं तर लिहू शकते, पण लिहायचं नाही असं ठरवलं आहे. या दोहोंतला फरक कळायलाच मला एवढे दिवस लागले.

त्या आठवड्यात ती सकाळ मी किती जणांना सांगितली असेन! वनखात्याचा पंचनामा, पोलिसांचा जबाब, बातमीवाले, मग तेरवीला आलेला प्रत्येक पाहुणा. पंचनाम्याबद्दल तक्रार नाही, त्याशिवाय भरपाईची फाईल हलत नाही, आणि जाऊबाईंची दोन लेकरं आहेत. पण पंधरवडा उलटायच्या आत एका संस्थेची माणसं आली. समाजमंदिरात आम्हा बायांना गोल बसवून, एकेकीनं काय पाहिलं ते सगळं सांगा म्हणाली. मन मोकळं होईल म्हणे. माझी पाळी आली तेव्हा मी बोलले, अगदी सविस्तर बोलले. बाया रडल्या. मी रडले नाही. त्या रात्रीपासून माझी झोप गेली ती गेलीच. कुणीतरी झोपेच्या गोळ्या आणून दिल्या, त्यांनी डोकं जड व्हायचं आणि स्वप्नं तीच.

हे मी नंतर समुपदेशक मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या की घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायची ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत आगीशी झुंजणाऱ्या आणि रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी निघाली होती. पुढे त्यावरचे अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये पाहिलं तर तिनं पुढचा आजार टळतो असं काही दिसलं नाही, उलट काही जणांचा त्रास वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१३ मध्ये सांगितलं की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याच्या त्रासावर त्या जातीच्या, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातल्या, झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. हे ऐकून मला हलकं वाटलं. तोवर मला वाटायचं माझंच मन कमकुवत, सगळ्या बाया रडून मोकळ्या झाल्या आणि मी तशीच राहिले.

सासूमायनं त्याआधी पुजाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं लिंबू उतरवला, गंडा बांधला. लिहायला हसू येतं, पण त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं बसू दिलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं होतं.

रविवार

पाऊस थोडा उघडला आहे. कालचं पुढे लिहिते.

मॅडमकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी जबाबाच्या तयारीनं गेले होते. तारीख, वेळ, कोण कुठं उभं होतं, सगळं पाठ. त्यांनी विचारलं, "ताई, कुठं बसाल?" मी दाराकडे तोंड होईल अशी खुर्ची घेतली. "दार बंद करू की थोडं उघडं ठेवू?" उघडं ठेवा म्हटलं. मग मी सुरू करणार तोच त्यांनी हात वर केला. "आज ते नको. ते ऐकायला मी आहेच. आधी झोपेचं, जेवणाचं सांगा." मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन तास एसटीत हादरत आले आणि ही बाई जेवणाचं विचारते.

पुढे कळलं की याला रीत आहे. ज्युडिथ हर्मन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये तिचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षित वाटणं, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत आणि रोजच्या जगण्यात येणं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी फ्रान्समध्ये पियेर जाने असंच टप्प्याटप्प्यानं काम करत होते. आघातानंतर मागे राहणाऱ्या या आजाराला पीटीएसडी हे नाव मात्र १९८० मध्ये मिळालं, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून. कुठले ते सैनिक आणि कुठली मी, पण दचकणं सारखंच.

माझ्या दचकण्याचं मूळ वास. मोहफुलाचा वास चैत्रात आमच्या गावात चुकवणार कुठं? प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली. पहिल्या वर्षी मी महिनाभर दारं लावून घरात बसले, अंगणवाडीचं काम मदतनीस बाईवर टाकून. वास आला की हातपाय गार पडायचे, कान बंद झाल्यासारखे व्हायचे. घरची माणसं म्हणायची, "झालं ते झालं, आता कायले आठवतं?" मी कुठं आठवत होते! मॅडमनी सांगितलं की अशा आठवणीवर तारीख पडलेली नसते. शरीराला ती आत्ताची वाटते आणि शरीर आत्ताचाच बचाव करतं.

म्हणून कितीतरी दिवस आम्ही फक्त परत येण्याचा सराव केला. पाय जमिनीला टेकलेत का, खुर्चीचा दांडा हाताला लागतो का, दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे आवाज, आजचा वार. शून्य ते दहामध्ये भीती किती, ते मी सांगायचं. एक खूण ठरली: मी तळहात दाखवला की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. पहिल्यांदा दाखवला तेव्हा खरं सांगायचं तर मी त्यांची परीक्षा पाहत होते. मॅडम बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबल्या. त्या दिवसापासून माझा विश्वास बसला. जाऊबाई गेल्या त्या आठवड्यात मला 'थांब' म्हणायची मुभा कुणीच दिली नव्हती, तिथं ती पहिल्यांदा मिळाली.

दर वेळी शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्या राखून ठेवतात, गाडीचं, पोरांचं, भाजीचं बोलायला. उघडं मन घेऊन कुणाला एसटीत बसवायचं नाही, असं त्या म्हणतात. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं म्हणून मला हे जाणं-येणं जमतं तरी. मधल्या काळात फार झालं तर टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर त्यांनी फोनमध्ये टाकून दिला आहे. रात्री कधीही लागतो. एकदा लावला होता, मराठीत बोलले.

एका गोष्टीवर मात्र आमचं बरंच बोलणं झालं. पुस्तकातल्या माणसाचा धोका संपलेला असतो, मग त्याला सांगतात की आता तू सुरक्षित आहेस. मला तसं कोण सांगणार? जंगल गावाला लागून आहे. वाघाच्या पावलांचे ठसे कालव्याच्या पाळीवर अजून दिसतात. मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, "तुमची भीती काढून टाकायची नाही, ती हवीच आहे. फक्त ती अंगणातल्या फुलांवर नको, जंगलावर असू द्या." मग आम्ही भीतीच्या दोन याद्या केल्या. एकीत अंगणातला वास, पिवळी साडी, कुत्र्याचं भुंकणं. दुसरीत अंधारात एकटं जाणं, झुडपात वाकून किंवा बसून काम करणं (वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे वनरक्षक नेहमी सांगतात). पहिल्या यादीवर हळूहळू काम करायचं. दुसरी यादी तशीच ठेवायची आणि पाळायची.

पहिल्या यादीतला वास मीच निवडला. सुरुवात घरातल्या डब्यात ठेवलेल्या एका सुक्या फुलापासून, झाकण लावूनच. मग झाकण उघडून. मग सासूमायच्या अंगणात, पण त्या शेजारी असताना. मध्ये एकदा सगळं बिनसलं आणि परत डब्यावर यावं लागलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मग डब्यावर." त्यांच्या तोंडावर नाराजी आहे का ते मी नीट पाहिलं. नव्हती. यंदाच्या चैत्रात मी अंगणवाडीत रोज गेले. वास येत होता. हात गार पडायचे, पण पोरांची हजेरी लिहिता यायची.

हळू जाणं म्हणजेच बरं, असंही नाही. हे त्यांनीच सांगितलं. काही तज्ज्ञ म्हणतात की तयारीच्या नावाखाली लोकांना उगाच लांबवत ठेवतात. साधारण ८ ते १५ सत्रांत थेट आठवणीवर काम करायची पद्धत आहे आणि तिनं पुष्कळ जण बरे होतात. टाळत राहिलं तर भीतीला खतपाणीच मिळतं. म्हणून अधूनमधून त्या मला विचारतात, "ताई, ही तयारी आहे की टाळणं?" कधी मला उत्तर येतं, कधी नाही. दोन्ही रस्ते त्यांनी समोर ठेवले. मी हा निवडला. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं दुसरा धरला असता आणि कदाचित लवकर सुटली असती.

काल त्यांनी विचारलं की दुसऱ्या टप्प्याला हात घालायचा का, म्हणजे ती सकाळ, थोडी थोडी, पुढून किंवा मागून, जिथून मला धरवेल तिथून. मी दिवाळीनंतर म्हटलं. सध्या रोवणी आहे, मग निंदण, मग कापणी. ती सकाळ उघडून रात्री जागायची आणि पहाटे बांधीत उतरायचं, हे मला झेपायचं नाही. शिवाय जाऊबाईंच्या धाकट्याची दहावी आहे, त्याला माझं रडणं या वर्षी दाखवायचं नाही. त्यांनी विचारलं, "हे टाळणं?" मी विचार केला. थोडं टाळणं आहे, म्हटलं, पण बाकीचं खरंच कापणी आहे. त्या हसल्या आणि दिवाळीनंतरची तारीख दिली.

सासूमायनं मघा ताटावर विचारलंच, "अजून किती खेपा मारशीन चंद्रपूरच्या?"

माहीत नाही म्हटलं. धान निघालं की सांगते.