१४ वर्षांनी परत कॉलेज अन् माझ्या नावाची भानगड (माझा अनुभव)

लग्नानंतर परत शिकायला जाणाऱ्या बाईनं वह्या-पुस्तकं नंतर घ्यावी, आधी आपलं नाव कोणत्या कागदावर कसं लिहिलंय ते बघून घ्यावं. माझे अडीच महिने त्याच्यातच गेले अन् अजूनही कॉलेज ऑफिसची ती खिडकी आठवली की डोकं तापते.

२०१० मध्ये बी.ए. फर्स्ट इयरला होते तेव्हा लग्न झालं अन् कॉलेज सुटलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कॉलेज तालुक्याला, १७ किलोमीटर. बचत गटाचे हिशेब मीच लिहिते म्हणून अर्थशास्त्र शिकायचं डोक्यात होतंच. २०२४ मध्ये कळलं की नवीन शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) एक, मायनर (जोडविषय) दुसरा अन् ओपन इलेक्टिव्ह (आपल्या आवडीचा विषय) तर दुसऱ्याच फॅकल्टीचा, म्हणजे शाखेचा, घ्यावा लागते. मेजर अर्थशास्त्र, मायनर समाजशास्त्र अन् ओपन इलेक्टिव्ह सायन्सवाल्यांचा माती-पाण्याचा पेपर असं घेतलं. (ओपन इलेक्टिव्ह पहिल्याच दिवशी भरा, चांगल्याच्या जागा लवकर संपतात.) नवरा आधी हसला, मग स्वतःच वावरातली माती पन्नीत भरून आणून दिली, घे म्हणे तपासून.

जुन्या वर्षाचे मार्क धरले नाहीत. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्या क्रेडिट बँकेत ते जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात अन् माझ्या वेळी क्रेडिट हा प्रकारच नव्हता. ठीक आहे, पहिल्यापासून. ॲडमिशन एका दिवसात झाली.

अडलं ते परीक्षेच्या फॉर्मला. फॉर्मवर १२ अंकी एबीसी आयडी (त्याच क्रेडिट बँकेतला आपला नंबर) टाकावा लागते, तो डिजीलॉकर या सरकारी ॲपमधून निघते अन् डिजीलॉकर नाव घेते आधारवरून. माझ्या आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. ॲडमिशन झाली बारावीच्या मार्कशीटवर, तिथं माहेरचं आडनाव आधी, मग मी, मग बाबा. आयडी काढताना तर वेगळीच मजा, आधारला मोबाईल नवऱ्याचा, तो वावरात फवारणीला, तिथं रेंज नाही, ओटीपी त्याच्या खिशात मरून जाये. शेवटी आधार केंद्रात जाऊन तेव्हाचे ५० रुपये भरून माझा नंबर टाकला. हे काम सगळ्यात आधी करा, मी सगळ्यात शेवटी केलं.

तर खिडकीवरचा बाबू म्हणाला, "मॅडम, नाव जुळून नाही राहिलं, आधार बदलून आणा." म्हटलं भाऊ, याच आधारवर बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, लाडकी बहीणचे दीड हजार, ते बदलू काहून? मग म्हणे राजपत्र (नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट) आणा. एवढंच. ३४ किलोमीटरचा फेरा, बरं झालं एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायला गेले तर सेंटरवाला म्हणे लग्नाचा दाखला आहे का? लग्न झालं हे आख्ख्या गावाला माहीत, दाखला कोणी काढला होता! परत खिडकी, तर तोच माणूस शांतपणे म्हणते, "हो, तो तर लागतेच." अहो मग पहिल्या दिवशी सांगायला तुमचं काय जात होतं? तिसऱ्यांदा गेले तेव्हा जेवणाची सुट्टी, चौथ्यांदा साइट बंद. मी एकदा तिथंच रडले, खोटं काहून बोलू. माझ्या वर्गातली १८ वर्षांची पोट्टी मला काकू म्हणते, ती वही घेऊन खिडकीवर गेली अन् म्हणाली, सर, जे जे लागते ते सगळं याच्यावर लिहून द्या. लिहून दिलं त्यानं! मला हे का सुचलं नाही.

गावात लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे होते. उशीर झाला म्हणून जास्त फी, तीन साक्षीदार, पत्रिका अन् लग्न लावणाऱ्या महाराजांची सही. महाराज म्हणाले, "हे लग्न मी लावलं होतं काय?" म्हटलं हो, मंगलाष्टकं सुरू असताना लाईट गेली होती ते. मग आठवलं, सही केली. राजपत्र आलं तेव्हा मी तिथंच मोबाईलवर तीनदा वाचलं, स्पेलिंग बरोबर होतं. त्याची पीडीएफच धरतात, प्रिंट काढून द्यायची. अर्जात जुनं अन् नवीन नाव मात्र एकेक अक्षर तपासून टाका, तिथं चुकलं तर परत तेच सगळं.

फॉर्म लेट फी लावून शेवटच्या तारखेला गेला. तो बाबू म्हणे, "झालं न मॅडम!" जसं काही त्यानंच केलं.

सेतूचं सांगायचं राहिलंच. शिक्षणात गॅप पडल्याचं प्रतिज्ञापत्र जुलैत करू नका, मी गेले तेव्हा लाडकी बहीणची रांग रस्त्यापर्यंत होती. मे महिन्यातच करून ठेवा. टीसीच्या पाच झेरॉक्स काढून ठेवा.

पेपर ऐन कापूस वेचणीत आले, बोटं बोंडांनी सोललेली, पेन धरवत नव्हता. पहिल्या सेमिस्टरचे २२ क्रेडिट सासरच्या आडनावावर जमा झालेत. अन् लग्नाची पत्रिका घरात कुठं असेल तर आजच शोधा, माझी सासूबाईच्या पेटीत तळाला, नॅप्थलीनच्या गोळ्यांत सापडली.