पावसाळी नोंद : बेरारी, माडग्याळ, नेल्लोर आणि आपली काळी माती

शेळी-मेंढीची बाहेरची जात आणायची म्हटली की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला : "नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) टिकन का हे?" पोळा झाल्यावर यंदाची वही चाळली आणि माझं मत पक्कं झालं. आपल्याकडे जात उन्हावर तोलू नये. खरी परीक्षा जुलै ते सप्टेंबर.

उन्हाचं आधी उरकतो. पारा ४५च्या वर होता तेव्हा बेरारी नि सिरोही शेळ्या आणि माडग्याळ मेंढी, तिघीही कडुनिंबाखाली रवंथ करत होत्या. चराई पहाटे आणि दिवस कलल्यावर, पाणी सावलीत, झालं. हवा कोरडी असली की धापा टाकून जनावर अंगातली उष्णता बाहेर काढतं. दख्खनी मेंढीची काळी लोकर पाहून लोक हळहळतात, पण तीच लोकर ऊन वरच्यावर अडवते. ऑगस्टच्या दमट उकाड्यात मात्र धापांचा उपयोग फारसा होत नाही.

आता पाऊस. माडग्याळ सांगलीच्या जत तालुक्यातली, दुष्काळी माळरानावरची. वाढ झकास, नाक पोपटासारखं बाकदार, बाजारात मागणी. पण आपली काळी माती एकदा भिजली की पाणी धरून बसते, चिखल खुरांच्या बेचक्यात अडकतो आणि खूर सडायला लागतात. गोठ्याच्या दारात १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्याचं उथळ टाकं केलं, आत बांबूचं मचाण घातलं, तेव्हा लंगडणं आवरलं. कोकण कन्याळ शेळी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पावसात जगते, मग इथे सहज रुळेल असं एका मित्राचं म्हणणं. मला ते पटत नाही. तिकडच्या जांभ्या मातीतून पाणी झिरपून जातं, इथे साचतं. नुसते मिलिमीटर जुळवून जात निवडता येत नाही.

दुसरी डोकेदुखी जंतांची, त्यातही रक्त पिणाऱ्या हिमॉन्कसची. लेंड्यांतून पडलेल्या अंड्यांपासून ओल आणि ऊब मिळताच आठवडाभरात लागण करणाऱ्या अळ्या तयार होतात आणि गवताच्या बुडख्याशी राहतात. मेंढी तोंड जमिनीला लावून चरते, त्यामुळे तिला लागण लवकर. बेरारी मान वर करून बोर, बाभूळ, सुबाभूळ ओरबाडते, म्हणून वाचते. तिलाच आखूड गवतावर कोंडा, मेंढीहून वाईट हाल होतील. जंतांशी झुंजायची ताकद शेळीत कमीच. दर आठवड्याला खालची पापणी उलटून आतला रंग तक्त्याशी जुळवून बघतो. लालसर तर ठीक, पांढुरकी दिसली तरच औषध. सरसकट सगळ्यांना पाजत राहिलं की जंत औषधाला सरावतात. हा पापणीचा रंगतक्ता दक्षिण आफ्रिकेतून आला, आणि अशी कामाची चीज इतकी स्वस्त क्वचितच मिळते.

ओलीला सरावलेली मेंढी म्हणजे सुंदरबनची गारोल. चण लहान, पण चिखलपाण्यात चरणारी आणि जुळी देणारी. तिचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी सुवर्णा' तयार केली. पण फलटण कोरडं, आणि गारोलचा जुळ्यांचा गुण आला म्हणजे तिचा चिखलातला चिवटपणाही आला असं होत नाही. म्हणून आपल्या भागात ती कुणी पावसाळाभर ठेवली असेल तर खुरांचं कसं राहिलं, एवढं जरूर कळवा.

माझा पुढचा डाव नेल्लोर मेंढ्याचा. लांब टांगा, अंगावर लोकर नाही, नुसते केस. भिजला तरी लवकर सुकतो. आंध्रच्या दमट किनारपट्टीकडची जात. माडग्याळ माद्यांवर तो मेअखेर सोडायचा विचार आहे, म्हणजे पाच महिन्यांनी, पाऊस सरल्यावर कोकरं येतील आणि पुढे तुरीचं कुटारही (मळणीनंतरचा भुसा) हाताशी असेल. अडचण एकच : उन्हाच्या तडाख्याने नराचं वीर्य बिघडतं आणि नवं तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. त्यामुळे एप्रिलपासून त्याला पत्र्याखाली नाही, गवताच्या छपराखाली बांधणार.