विद्युतघंटा वाजेपर्यंत

आठवीच्या वर्गात विद्युतघंटेची आकृती फळ्यावर काढण्याचे काम मी सात वर्षे करीत आले होते. कळ दाबली की तारेच्या वेटोळ्यातून विद्युतधारा वाहते, आतला लोखंडी गाभा चुंबक होतो, समोरची पट्टी ओढली जाऊन टोला घंटेवर पडतो. पट्टी सरकताच स्क्रूशी असलेला तिचा संपर्क तुटतो, धारा थांबते, चुंबकत्व जाते, पट्टी मागे येते आणि पुन्हा सारे पहिल्यापासून सुरू होते. हे वर्णन मला तोंडपाठ होते, पण अशी घंटा मी स्वतःच्या हाताने कधीच केलेली नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या खेड्यात मी शिकवते, तिथल्या शाळेत प्रयोगसाहित्याची पेटी आहे, परंतु तिच्यातली घंटा बंद पडलेली आणि तार उंदरांनी कुरतडलेली होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी हीच घंटा निवडली, तेव्हा नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हते. एक अट मात्र मी घातली, की भिंतीवरच्या प्लगला कोणीही हात लावायचा नाही. जे करायचे ते बॅटरीच्या चार सेलांवर, म्हणजे ६ व्होल्टवर.

तारेसाठी आम्ही मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी जळण्याला तोटा नसतो, त्यामुळे ३२ गेजची तांब्याची तार तिथे शिल्लक होती आणि दुकानदार भाऊंनी ती पैसे न घेता दिली. एका मुलाच्या घरी ट्रॅक्टरच्या भंगारात १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट सापडला. त्यावर कागद गुंडाळून मुलींनी तीन थरांत ५०० वेढे दिले, वेढे मोजताना दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा सारे उलगडून पुन्हा बसल्या. सेल जोडले तर काहीच झाले नाही, एक टाचणीसुद्धा हलली नाही. तार नुसती तांब्याची दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या लेपाचा, पातळ थर असतो आणि दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासल्याशिवाय धारा आत शिरत नाही, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नाही. या थराचे महत्त्व मी त्याच दिवशी नीट सांगू शकले. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये पहिला उपयोगी विद्युतचुंबक केला, तेव्हा त्यांनी उघडी तार वापरली आणि वार्निश लोखंडाला दिले. त्यामुळे वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून अंतर राखून थोडेच देता आले. तरीही सुमारे २०० ग्रॅमच्या त्या लोखंडाने ४ किलोपर्यंत वजन उचलले. पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवरच रेशीम गुंडाळले, त्यामुळे थरावर थर चढवता आले आणि चुंबकाची ताकद कितीतरी वाढली. याच चुंबकाने १८३१ मध्ये त्यांनी मैलाहून लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजवून दाखवली होती. म्हणजे आम्ही करीत होतो ते काही नवे नव्हते, तरी आमचे काम अडलेच.

टोके घासल्यावर टाचण्या झुंबडीने चिकटल्या. मल्टीमीटरवर वेटोळ्याचा रोध पाच ओहमांच्या आसपास निघाला, म्हणजे धारा एक अँपिअरच्या थोडी वर, हा हिशेब मुलांनी स्वतः केला. मग तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी, सायकलच्या घंटीची वाटी आणि संपर्काचा स्क्रू लाकडी फळीवर बसवला. कळ दाबली. ‘टण्’ असा एकच आवाज झाला आणि पट्टी बोल्टला चिकटून बसली. संपर्क तुटलेला, धारा थांबलेली, तरी पट्टी सुटेना. एक मुलगा वैतागून म्हणाला, “मॅडम, हा बोल्ट तं सोडूनच नाही राह्यला!”

खरे तर विद्युतचुंबक म्हटला की आपण सगळे त्याच्या ओढण्याकडेच पाहतो. मीही सात वर्षे तेच शिकवले होते. घंटेला मात्र ओढण्याइतकीच सोडण्याची गरज असते, आणि आमच्या बोल्टला सोडता येत नव्हते. सेल काढल्यावरही त्याला नऊ टाचण्या लटकून होत्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला होता. तो कठीण करून घेतलेल्या पोलादाची खूण असतो. पोलाद एकदा चुंबकित झाले की चुंबकत्व सहजी टाकत नाही, म्हणून कायमचा चुंबक त्याचा करतात. गाभ्यासाठी नरम लोखंडच लागते. पुस्तकातला ‘नरम’ हा शब्द मी इतकी वर्षे वाचून पुढे जात होते.

दुकानातून साधा बोल्ट आणला असता तर काम दहा रुपयांत झाले असते, हे कबूल करायला हवे. पण मुलांचे म्हणणे पडले की लोहारकाकांकडे जाऊ. काकांचा भाता अजून चालतो. वखराच्या पासेला आणि विळ्याला धार लावायला गाव त्यांच्याकडेच जाते. मी त्यांना बोल्ट नरम करून द्या म्हटले, तेव्हा ते हसले. “मॅडम, लोक माह्याकडे पोलाद कडक कराले आणतेत, तुम्ही नरम कराले आणलं.” तापवून एकदम पाण्यात बुडवले की पोलाद कडक होते, यालाच ते पाणी पाजणे म्हणतात. आम्हाला याच्या उलट हवे होते, म्हणजे लाल करून हळूहळू थंड होऊ देणे.

तिथे मी एक प्रयोग करून घेतला, आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद त्यानेच दिला. स्पीकरमधला चुंबक तांब्याच्या तारेने बांधून मी चिमट्यात धरलेल्या लालभडक बोल्टजवळ नेला. तो ओढला गेला नाही, जणू समोर लाकूड होते. बोल्टचा रंग उतरत काळपट होऊ लागला, तसा चुंबक एकाएकी त्याच्याकडे झेपावला. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचे चुंबकीय गुण नाहीसे होतात, हे वाक्य वाचणे वेगळे आणि हे पाहणे वेगळे. काकांनी बोल्ट पुन्हा लाल केला आणि सवयीने हात पाण्याच्या टाकीकडे वळवला. चार पोट्टी एकदम ओरडली, तेव्हा तो राखेत गेला. आम्ही तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढला.

या वेळी सेल काढल्यावर एकच टाचणी उरली. तरीही पट्टी अधूनमधून अडकत होती, म्हणून बोल्टच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, जेणेकरून लोखंड लोखंडाला थेट भिडू नये. घंटा वाजली, आणि वाजतच राहिली.

जोडणी सुधारताना एका मुलीने तारेची दोन्ही उघडी टोके हातात धरली असताना दुसरीने सेल काढला, आणि ती किंचाळली. ६ व्होल्टला असा झटका बसत नाही. मीही गडबडले, आणि उत्तर द्यायला एक दिवस मागून घेतला. वेटोळ्यातली धारा अचानक तुटली की त्याचे चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि बदलते चुंबकीय क्षेत्र तारेत विद्युतदाब निर्माण करते, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. बदल जितका झटपट तितका दाब मोठा, म्हणून क्षणभर तो सेलच्या दाबाच्या कितीतरी पट होतो. घंटेच्या स्क्रूपाशी दिसणारी निळी ठिणगी हीच. त्या दिवसापासून जोडणी सोडताना दोन्ही टोके धरायची नाहीत, ही दुसरी अट झाली.

प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी चिकटपट्टी कशासाठी, असे विचारले, तेव्हा झटका बसलेल्याच मुलीने बोल्टची सारी कथा लोहारकाकांच्या राखेसकट सांगितली. घंटा आता वर्गातल्या खिडकीवर आहे. ठिणगीने स्क्रूचे टोक काळे पडते, ते दर सोमवारी घासावे लागते. मधल्या सुट्टीचा टोल मात्र अजूनही झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावरच पडतो, कारण आमच्या घंटेचा आवाज सातवीच्या खोलीपलीकडे जात नाही.