तुम्ही विचारलंत म्हणून: सोपाऱ्याचं बंदर

"सोपारा प्राचीन बंदर म्हणता, मग समुद्र कुठाय?" नालासोपाऱ्याचा म्हटलं की हे ठरलेलंच. एकदाच सांगतो.

समुद्र आहे, काही किलोमीटर पश्चिमेला. पण बंदराला उघडा किनारा हवाच कशाला? दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. मधल्या खाडीतून गलबतं आत यायची, लाटांपासून लांब. पुढे खाडी गाळाने भरली. पावसाळ्यात आमचे रस्ते तुंबलेले बातम्यांत बघून तुम्ही हसता ना, त्यातली बरीच जमीन मुळात खाजणाची.

ताईला बघायला दादरचे पाहुणे आले होते. पोहे झाल्यावर मुलाचे काका म्हणाले, "आता विरार लोकलमध्ये चढायला शिकावं लागणार!" सगळे हसले. अप्पांनी मात्र मनावर घेतलं. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. नहपान राजाचा जावई उषवदात, त्याने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली, हे नाशिकच्या लेण्यात कोरलंय. पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी इथल्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप खणला तेव्हा दगडी पेटीत आठ बुद्धमूर्ती, एकात एक करंडक, शेवटच्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. अप्पा थांबेचनात. मी खाली मान घालून बशीतलं खोबरं वेचत होतो.

"मग ते सगळं आता कुठे असतं?" काकांनी घड्याळ बघत विचारलं.

"मुंबईत. लेख म्युझियममध्ये, करंडक एशियाटिक सोसायटीत."

"म्हणजे तेसुद्धा इथे राहिलं नाही!"

आतल्या खोलीत ताई ऐकत होती. नकार आला, कारण पत्रिकेचं. त्या रात्री मी अप्पांना म्हटलं, "तुमच्या अशोकाने ताईचं लग्न मोडलं." ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर पाहुण्यांसमोर ते सोपाऱ्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मी चुकलो, असं मला अजूनही म्हणवत नाही. ताईला संसार करायचा होता, स्तूप दाखवत फिरायचं नव्हतं. आणि माझ्यातला तेव्हाचा तो मुलगा आजही मला अडवतोच: सव्वादोन हजार वर्षांचा इतिहास आहे, मग नळाला पाणी का नाही? टँकरवाल्याला सांग उषवदाताचं! यावर मी गप्प. पण कुणी "नालासोपाऱ्यात आहे काय?" म्हटलं की मी अप्पांसारखाच सुरू होतो, थेट आठव्या शिलालेखापासून, आणि समोरचा घड्याळ बघतो.