रथामागे

आमच्या घरातली वारी सासऱ्यांची. त्यांचे गुडघे गेले, दीर परदेशात, नवऱ्याला रजा नाही. वारी खंडू नये म्हणून सून निघाली. माझी भक्ती किती, ते विचारू नका. सासऱ्यांनी माळ घालायचा आग्रह केला नाही (माझ्या माहेरी रविवार म्हणजे मटण, हे त्यांना ठाऊक आहे), पण निघताना त्यांनी स्वतःची टाळांची जोडी माझ्या पिशवीत ठेवली. ती पंढरपूरपर्यंत पिशवीतच राहिली. आमच्या दिंडीत बायका टाळ धरत नाहीत. तुळस घ्यायची, नाहीतर नुसतं चालायचं. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे, पैसे भरताना हे कोणी सांगत नाही.

पुण्याचा मुक्काम, दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान हे सगळं तुम्ही फोटोंत पाहिलेलं आहे. माझ्याकडे त्याहून वेगळं काही नाही. मला आठवतो तो टँकर. अडीचला उठायचं, अंधारात बादली शोधायची, ट्रकच्या आडोशाला दोन बायकांनी साडी धरायची आणि तिसरीने अंग धुवायचं. शौचालयांच्या रांगेत उभं राहून काकडा ऐकायचा. पहिल्या दोन पहाटे मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या, अगदी विठ्ठलालासुद्धा. पुढे तेवढंही त्राण राहिलं नाही.

आमची दिंडी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या रथामागची. पुढच्या सत्तावीस दिंड्यांचा मान मोठा, मागे मात्र नंबरांची रांगच रांग. आम्ही इतके मागे की चालताना रथ कधी दिसलाच नाही. माऊली पुढे आहेत, हे ऐकीव. पण दिंडी कितीही मागची असो, तिची घडण ठरलेली. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात पखवाज, मग विणेकरी, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. कोणत्या वाराला कोणते अभंग हेसुद्धा ठरलेलं. मी ऑफिसात वर्षानुवर्षं मीटिंगा घेते. इतकी माणसं इतकं अंतर कोणाच्याही सूचनेशिवाय चाललेली मी पाहिली नव्हती.

विणेकऱ्यांच्या मागेच चालत असल्यामुळे मला एक गोष्ट रोज दिसायची. वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाचे खांदे भरून आले की दुसरा येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आमच्याकडे दोघे विणेकरी होते आणि लोणंदला तंबूतल्या जागेवरून त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं. एकाची वळकटी दुसऱ्याने चिखलात टाकली, की ती आपोआप पडली, यावर अर्धी दिंडी जागी राहिली. बोलणं बंद. तरी दुसऱ्या दिवशी वीणा द्यायची वेळ आली तेव्हा दोघेही वाकले. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे, पण हात पायांना लागले. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि नंतर रोजच. बरडला पोचेपर्यंत त्यातला एक दुसऱ्याला तंबाखू मागत होता.

‘क्रोध अभिमान केला पावटणी, एक एका लागतील पायी रे’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. मला वाटायचं, आधी अभिमान जात असेल आणि मग माणूस वाकत असेल. इथे उलटंच दिसलं. वाकणं आधी, तेही नियम म्हणून. अभिमान जायचा तर मागाहून जातो, नाहीतर राहतोही. तुकोबांनी म्हटलं म्हणून माणसं एकमेकांच्या पाया पडत नाहीत. त्या शब्दांवर कोणीतरी पाया पडायची रीत बसवली, म्हणून ते शब्द टिकले, असं मला आता वाटतं. कीर्तनकार बुवांना हे पटणार नाही.

बरड ते नातेपुते. हा दिवस माझ्या अंगावर कोरलेला आहे.

रस्ता चौपदरी झाल्यापासून सावली गेली आहे. वडाची झाडं होती म्हणे. आता दुभाजक आहे. डाव्या टाचेला सकाळीच फोड आला होता, धर्मपुरीच्या अलीकडे उजव्या चवड्यालाही आला. साधुबुवाच्या ओढ्याशी विसावा झाला तेव्हा मी चप्पल काढली, आणि ती परत घालता येईना. दिंडी उठली. ‘ट्रकमध्ये बसा ताई’ म्हणून आमच्या दिंडीचे महाराज पुढे गेले, आणि ट्रक तर केव्हाच पुढे गेलेला. मी अनवाणी चालून पाहिलं. दुपारी एकचा डांबरी रस्ता. शंभरेक पावलं गेले असेन, मग कडेच्या मातीत बसले आणि रडले. भक्तिभावाने वगैरे नाही, निव्वळ रागाने. सासऱ्यांचा राग, नवऱ्याच्या रजेचा राग. मोबाइल तोंडासमोर धरून ‘माऊली, इकडे बघा ना’ म्हणणाऱ्या त्या पोराला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागच्या कुठल्याशा दिंडीतली एक म्हातारी थांबली. परभणीकडची. डोक्यावर तुळस होती, ती तिने सोबतच्या मुलीकडे दिली आणि फतकल मारून माझ्यासमोर बसली.

“रडायलीस काय वं माय? पाय दे हिकडं.”

मी पाय मागे घेतला. धुळीने, घामाने भरलेला पाय, तो काय कोणाच्या हातात द्यायचा? तिने ऐकलं नाही. घोटा धरून तो सरळ मांडीवर ओढला, धुवट पांढऱ्या लुगड्यावर. पदराच्या गाठीतून सुई काढली, तिच्यात काळा दोरा ओवलेलाच होता. फोडाच्या या कडेने सुई घालून त्या कडेने काढली आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तोडला. दोऱ्याच्या टोकांवरून पाणी थेंबथेंब गळायला लागलं. “कातडं काढू नको बरं. दोरा राहू दे, रातभर झिरपतंय.” मग खोबरेल, मग पिशवीतल्या जुन्या धोतराची चिंधी. दुसरा पाय. पुन्हा तेच सगळं, तितक्याच सावकाश, जणू हिला पंढरपूर गाठायचंच नाही. माझ्या डॉक्टर नणंदेला हे नंतर सांगितलं तर ती सुईवरून ओरडलीच. असो. फोड चिघळला नाही.

चिंधीची गाठ मारता मारता तिने विचारलं, “कोणाच्या हायेत तुमी?”

हा प्रश्न आडनावाचा नसतो, हे सांगायला नको. माझ्या पोटात गोळा आला. पाय तिच्या मांडीवर, आणि त्याच मांडीवर पाय असताना ही मला जात विचारते आहे. मी सांगितलं. “बरं,” म्हणाली. तिने स्वतःची सांगितली, मी विचारलीही नव्हती. आणि मग हात जोडायच्या आधीच वाकून, मी ‘अहो आजी, अहो काय’ करते तोवर, माझ्या त्या चिंध्या बांधलेल्या पायांवर डोकं टेकवलं. “माऊली,” म्हणाली. मला वाकता येईना, मी बसल्या बसल्याच तिचे पाय चाचपले. तिची बोटं माझ्याहून फाटलेली होती.

तुळस डोक्यावर घेऊन ती गेली. तिने जात का विचारली, यावर मी शिंगणापूर फाट्यापर्यंत धुमसत होते. विचारून पाया का पडली, यावर नातेपुत्यापर्यंत. दोन्ही गोष्टी तिने एकाच दमात केल्या आणि तिला त्यात काही अडलं नाही, अडलं ते मला. घरी तिच्या चुलीपाशी कोण जेवतं आणि कोण नाही, देव जाणे. पण रस्त्यावर काय करायचं ते तिच्या कमरेला पाठ होतं.

तळावर समाजआरती मात्र मी एकदाही चुकवली नाही, लंगडत का होईना. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंचावतो आणि एवढा जनसमुदाय एकदम गप्प होतो. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात. आणि ज्या दिंडीची तक्रार असेल तिने गप्प राहायचं नाही, टाळ वाजवत राहायचं. चोपदार त्या आवाजाकडे जातात, सगळ्यांच्या देखत गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. एका संध्याकाळी पाण्यावरून एक दिंडी वाजवत राहिली. आरती खोळंबली, पालखी खोळंबली, कोणी चकार शब्द काढला नाही. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. शिंद्यांच्या पदरी असलेला माणूस एकोणिसाव्या शतकात आळंदीला येऊन राहिला आणि माऊलींच्या पालखीला त्याने फौजेचा थाट दिला, घोडे, चोपदार, तळ, कूच. त्याआधी 1685 मध्ये तुकोबांच्या धाकट्या मुलाने, नारायण महाराजांनी, पालखी सुरू केली नसती तर यातलं काहीच नसतं. अभंग त्याही आधीचे होते. पण नुसते अभंग असते तर त्यांचं पुस्तक झालं असतं.

माझ्या पिशवीत टाळ होते. आमच्या बायकांची तक्रारही होती. पण वाजवायचे कोणी?

रिंगणं, वेलापूरचा धावा, वाखरी. धाव्याला सगळे पंढरीच्या ओढीने पळत सुटतात, मी धावले नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या बारीत कोण उभं राहणार? चंद्रभागा, प्रदक्षिणा, कळस. सासऱ्यांनी एवढंच सांगितलं होतं. महाद्वारी नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुस अंगावर पडून मेलेल्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या, इथे ठेवल्या, दाराबाहेर. रेट्यात मला तिथे क्षणभरच टेकता आलं. ‘वर्ण अभिमान विसरली याती’ म्हणत शतकानुशतकं दिंड्या या समाधीवरून आत गेल्या, आणि चोखोबांची माणसं बाहेर राहिली. गाण्यात सगळं होतं, दारात मात्र रीत दुसरीच होती. 1947 साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं. मागून कोणीतरी “चला माऊली, चला” म्हणून ढकललं.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला. लाह्या, दही, चिखल, पाऊस. अनोळखी बाईने तिच्या हातातला घास माझ्या तोंडात कोंबला, मी उरलेला तिच्या. काल्याला उष्टं नसतं. वळकटीवाले दोघे विणेकरी एकमेकांच्या दाढीला दही फासत होते आणि मी, मटण खाणारी, ओरडून ‘पुंडलिक वरदे’ म्हणत होते, घसा बसेपर्यंत.

मठात परतलो तर पुरुषांची पंगत बसली होती. बायकांची दुसरी, नेहमीप्रमाणे. वाढायला पळी हातात घेतली तेव्हा माझ्या बोटांना दही तसंच होतं. आमटी वाढता वाढता मी महाराजांना म्हटलं, पुढच्या वर्षी मला टाळ धरायचा आहे.

“बघू,” ते म्हणाले, “आधी भिशी भरा. पुढच्या वर्षी वाढणार आहे.”