चॉइस लिस्टमधला पहिला नंबर

मंगळवार, रात्री साडेअकरा

एमडीच्या प्रवेशासाठी विषय आणि कॉलेजांची लिस्ट अजून लॉक केलेली नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. माझ्या रँकला लांबच्या एका सरकारी कॉलेजात मेडिसिन मिळेल, असं वाटतं. पीएमआर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, मात्र मुंबईतच मिळू शकतं. मावशीचा दुपारी फोन आला. "फिजिकल मेडिसिन म्हणजे फिजिओथेरपीच ना गं? मग एमबीबीएस कशाला केलंस?" तिला नीट समजावलं की हीसुद्धा तीन वर्षांची एमडीच आहे, आणि फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम पाय बनवणारे, समाजसेवक या सगळ्यांना बरोबर घेऊन पेशंटचा पुढचा रस्ता आखायचा असतो. ती "बरं" म्हणाली. पटलेलं नाही.

मला हे का हवंय, ते इथे लिहून ठेवते. इंटर्नशिपमध्ये परांचीवरून पडलेला एक बिगारी आला होता. बाराव्या डॉर्सल मणक्याचं फ्रॅक्चर, कमरेखाली काहीच हालचाल नाही. ऑपरेशन उत्तम झालं, एक्स-रेत स्क्रू अगदी सरळ. डिस्चार्ज कार्ड मी भरलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'फिजिओथेरपी करणे'. बाकी काही नाही. त्याच्या बायकोला दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं नाही, लघवीच्या नळीचं पुढे काय करायचं तेही नाही. दीड महिन्याने ती त्याला घेऊन परत आली. माकडहाडावर माझी मूठ जाईल एवढी जखम होती. मी ड्रेसिंग करत होते आणि ती विचारत होती, "डॉक्टर, आमचं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते कार्ड माझ्या अक्षरातलं होतं.

तेव्हापासून कुठल्याही पीएमआर विभागाबद्दल मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमचा स्वतःचा वॉर्ड आहे का? नुसती ओपीडी आणि दुसऱ्यांच्या वॉर्डांचे कॉल्स एवढंच असेल, तर हे पेशंट हातात राहणार किती दिवस? कूस बदलणं, नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकणं, खाटेवरून व्हीलचेअरवर सरकणं हे महिन्या-दोन महिन्यांचं काम आहे. पुढे स्पॅस्टिसिटीला, म्हणजे स्नायूंच्या ताठरपणाला, बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन कोण देतं, ईएमजी ही नसा-स्नायूंची तपासणी कोण करतं, कृत्रिम अवयवांचं वर्कशॉप आवारातच आहे की चिठ्ठी लिहून बाहेर पाठवतात, हेही विचारते.

म्हणून आज सकाळी महालक्ष्मीला उतरून हाजी अलीच्या संस्थेत गेले. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, १९५५ सालची. लहानपणापासून बसमधून कितीदा त्या फाटकावरून गेले असेन, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एक रेसिडेंट ताई पॅरलल बारपाशी होत्या. समोर तिशीचा एक माणूस, लोकलखाली गुडघ्याच्या वरून पाय गेलेला, नवा पाय लावून उभा. ताई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या, दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवले आणि डोळे त्या पातळीला आणून बघत राहिल्या. त्यांचा उजवा हात जरासा खाली होता. "पाय आखूड पडतोय," त्या म्हणाल्या. वर्कशॉपमधला टेक्निशियन खाली बसून ॲडजस्ट करायला लागला. चारदा उभं करून झालं. मग सॉकेट, म्हणजे नव्या पायाची वरची वाटी, काढायला लावून स्टंपवरच्या, उरलेल्या मांडीवरच्या, लाल खुणा बघितल्या. दहा मिनिटांत त्या फिक्या व्हायला हव्यात. नाही झाल्या, तर तिथे दाब जास्त पडतोय आणि पुढे कातडी फाटणार. ताई खरंच घड्याळ लावून थांबल्या. एक खूण गेली नाही. सॉकेट परत वर्कशॉपला गेलं.

दिव्यांगांच्या डब्यात चढायला कधी जमेल, एवढंच तो माणूस विचारत होता. ताईंनी लाकडी पायरी दाखवली. "आधी ही."

कुणी म्हणतं, पीएमआर म्हणजे अपंगत्वाची सर्टिफिकेट वाटायचं खातं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आरक्षण आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. ते टक्के नीट मोजणं हलकं काम आहे असं मला वाटत नाही. ज्याचा पास त्या कागदावर अवलंबून आहे, त्याला विचारा.

येताना डॉ. मेरी वर्गीस यांची आठवण झाली. १९५४ च्या अपघातानंतर त्या व्हीलचेअरवर होत्या. त्यावर बसूनच त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांची ऑपरेशनं केली आणि नंतर वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला.

जेवताना बाबांना लाल खुणांचं सांगितलं. बेस्टमध्ये तीस वर्षं कंडक्टर होते. घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बसला पायरी फार उंच असायची गं. तो माणूस चढेपर्यंत मी बेल देत नसे."

एक नंबरला हाजी अली टाकलंय. मेडिसिन चौथ्यावर होतं, ते काढून टाकलं. सकाळी आईला दाखवून लॉक करते.