सावजी खाऊन रामोन्स

३१ डिसेंबर, रात्री पावणेबारा

समोरच्या गच्चीवर डीजे लागलाय. म्हणजे आपण आवाज वाढवला तरी आज कोणी दार वाजवणार नाही, असा सोयीचा हिशोब करून रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडचा ‘इट्स अलाइव्ह’ हा लाइव्ह अल्बम दुसऱ्यांदा लावला. दर वर्षी याच रात्री लावतो. रेकॉर्डिंगच आजच्या तारखेचं आहे ना! ३१ डिसेंबर १९७७, लंडनचं रेनबो थिएटर. ते चौघं स्टेजवर चढले तेव्हा नागपुरात १९७८ लागूनही गेलं होतं.

दुपारी इतवारीतल्या मित्राकडे सावजी मटण झालं. तर्री अशी, की दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं आणि चौथ्याला कानामागून घाम. तरी वाटी पुढे केलीच. घरी येऊन पोटावर हात ठेवून ऐकत पडलो, तर ती जागा आली. गायक जोई रामोन मधेच सांगतो, ते चिकन विंडालू खाल्ल्यानंतर आता मला बरं व्हायचंय, आणि ‘आय वाना बी वेल’ हे गाणं सुरू. आज पहिल्यांदा त्याचं दुःख मला आतून कळलं. कॉलेजात आम्हाला विंडालू ठाऊकच नव्हतं. इंग्रजीतली नवी शिवी असेल असं धरून वर्षभर एकमेकांना दिली. “अबे विंडालू, असाइनमेंट दे ना!”

तेव्हा माझ्याकडे होती ती मावसभावाने पुण्याहून भरून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. अल्बम चोपन्न मिनिटांचा. साठात आरामात बसतो, पण मधोमध घडी घालावी लागते. भावाने घडी घालण्याचे कष्ट घेतले नाहीत. पहिली बाजू संपली तिथे गाणं चालू होतं, ते टक्कन तुटलं. ते गाणं तसंच संपतं असं मी कितीतरी वर्षं मानत होतो, आणि मला तो शेवट जबरदस्त वाटायचा! पुढे पूर्ण ऐकलं तेव्हा उरलेला तुकडा कोणीतरी नंतर जोडल्यासारखा वाटला. अजूनही त्या जागी हात उठतो, कॅसेट उलटायला.

१९७६ चा त्यांचा पहिला अल्बम चौदा गाण्यांचा, अर्ध्या तासाच्या आत खलास. चांगलाच आहे. पण इथल्या आवाजापुढे तो मला इस्त्री करून हँगरला लावलेल्या शर्टासारखा वाटतो. इथे अठ्ठावीस गाणी, बहुतेक सगळी स्टुडिओपेक्षा वेगात. मधे भाषण नाही, सूर लावणं नाही. टाळ्या ओसरायच्या आत बेस गिटारवाला डी डी ओरडतो, वन-टू-थ्री-फोर, आणि पुढचं सुरू. मागचं गाणं आवडलं की नाही, हे ठरवायलाच वेळ मिळत नाही. मी हा अल्बम पंचवीस वर्षं ऐकून राहिलो ते यामुळेच असावं. ज्यावर बसून विचार केला अशी त्या वयातली बरीच आवड मागे सुटली. याच्यावर विचार करायची फुरसतच झाली नाही.

सोपं वाटतं, तिथेच फसायला होतं. गिटारवाला जॉनी उजवा हात फक्त खाली मारतो. खाली-वर नाही, सगळे फटके खालीच, पूर्ण कार्यक्रमभर. मघाशी गिटार काढून पाहिली. पहिलं गाणं निभलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात मनगट असं भरून आलं की पाट्यावर किलोभर मसाला वाटला असावा. आणि ड्रम वाजवणारा टॉमी तर मुळात ड्रमरही नव्हता. जोई ड्रम सोडून गायला पुढे आला, मागे कोणी जमेना, म्हणून बँडचा हा व्यवस्थापक स्वतःच बसला. या रेकॉर्डिंगच्या पुढच्याच वर्षी त्याने ड्रमची खुर्ची सोडली. चौघांपैकी आज कोणी नाही. शेवटी टॉमीच गेला, २०१४ मध्ये.

२०१९ मध्ये या अल्बमची मोठी आवृत्ती निघाली. बर्मिंगहॅम, स्टोक, आयल्सबरी आणि मग लंडन, सलग चार रात्रींचे चारही कार्यक्रम. मी चारही ऐकले, बायको माहेरी असताना. तीच गाणी, तोच वेग. पण सवयीमुळे असेल, मला रेनबोच लागतं. त्या रात्री थिएटरातल्या पुढच्या रांगांच्या खुर्च्या लोकांनी उखडून टाकल्या असं सांगतात, आणि गर्दीचा आवाज ऐकताना ते खोटं वाटत नाही. आमच्या नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल भागात असाच रेटा असतो. ढोल कुठे वाजतोय ते दिसत नाही, छातीला कळतं.

मघाशी लेक पाणी प्यायला आली. दारात उभी राहून तिने तीन-चार गाणी ऐकली.

“बाबा, हे एकच गाणं आहे का?”

“नाही गं, आतापर्यंत चार झाली.”

“चार? आणि ते प्रत्येक वेळी चारपर्यंतच का मोजतात?”

मला उत्तर सुचलं नाही. ती बसली. मांडीवर बोटं आपटत मोजायला लागली आणि डी डीच्या आधी ओरडायचा खेळ सुरू केला. दोनदा हरली, तिसऱ्यांदा बरोबर पकडलं. मग ती कॅसेटवाली जागा आली आणि माझा हात उठला.

“काय झालं?”

“काही नाही. इथे उलटायची होती.”

“काय उलटायची?”

तेवढ्यात गच्चीवर फटाके सुटले आणि ती बाल्कनीत पळाली.